घराची बैठक
(गृहसजावटीच्या शैलींविषयी काही विचार — द्वितीय वर्ष, कला)

'गृहसजावट' हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे सोफा, पडदे, भिंतींचे रंग आणि कोपऱ्यातील फुलदाणी एवढेच उभे राहते. या विषयावरील पुस्तके चाळली तरी तेथे बहुधा हेच आढळते. व्हिक्टोरियन, आर्ट डेको, आधुनिक, मिनिमलिस्ट, स्कँडिनेव्हियन अशी नावे येतात. प्रत्येक नावाखाली एक रंगीत छायाचित्र आणि त्यातील वस्तूंची यादी. जणू काही त्या वस्तू दुकानातून उचलून आणल्या की ती शैली घरात नांदू लागली! प्रस्तुत लेखात या शैलींकडे मी एका निराळ्या बाजूने पाहणार आहे. कोणतेही घर पाहताना मी तीन प्रश्न विचारते. येथे माणसे जमिनीपासून किती उंचीवर बसतात? कोण कोठे बसतो? आणि बसायला जागाच नाही असे या घरात कोण आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या घराची शैली कळू लागते, असा माझा अनुभव आहे. रंग आणि पडदे मागाहून येतात.

प्रथम आपल्या जुन्या वाड्याकडे वळू. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा अठराव्या शतकातील वाडा आहे. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेला विश्रामबागवाडा आहे. लाकडी खांब, तुळया, कडीपाट, मध्ये चौक आणि चौकाभोवती सोपे ही अशा वाड्यांची सर्वसाधारण रचना. वाड्याचे माप 'खणां'त सांगत. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. अशा एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्यात आज आपण उभे राहिलो तर खोली रिकामी आणि ठेंगणी वाटते, आणि खिडक्या पुष्कळदा इतक्या खाली असतात की त्या चुकून पायांशी बसवल्या की काय असे वाटावे. पण त्याच ठिकाणी मांडी घालून बसावे. लगेच खिडकीतून रस्ता दिसू लागतो, वारा तोंडावर येतो आणि ठेंगणे वाटणारे छत योग्य उंचीवर जाते. सारी खोली बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या हिशोबाने बांधलेली असते. उभ्या माणसाला ती कळतच नाही.

जमिनीवर बसणाऱ्यांच्या घरात मोठे सामान नसते. म्हणून कारागिरांचे कसब गेले ते खांब, महिरपी, दारांच्या चौकटी आणि हातात घ्यायच्या लहान वस्तूंकडे. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर खपून जमवलेला संग्रह पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहे. तेथे दिवे, अडकित्ते, पानाचे डबे यांचे इतके नाना प्रकार मांडले आहेत की पाहणारा थक्क होतो. एका अडकित्त्यावर इतकी नक्षी कशाला, असा प्रश्न मनात येतो. त्याचे उत्तर असे की बैठकीत गादीवर बसलेल्या माणसाच्या दृष्टीसमोर, हाताच्या अंतरावर, तेवढीच वस्तू असे. युरोपात जी नक्षी खुर्चीच्या पाठीवर गेली, ती आपल्याकडे अडकित्त्यावर आली.

या बैठकीचीही एक उतरंड असे. गादी, तीवर पांढरी स्वच्छ चादर, पाठीशी तक्क्या आणि कोपराशी लोड ही धन्याची जागा. समोर जाजम किंवा सतरंजी. येणाऱ्याचा मान पाहून तो गादीच्या जवळ बसे किंवा लांब. कुळे आणि बलुतेदार सोप्याच्या कडेला. गावाने ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते, ती माणसे दिंडीबाहेर उभी. घरच्या स्त्रिया माजघरात. दिवाणखान्याच्या चर्चेत त्यांचा भाग दाराआडून ऐकण्यापुरताच. टेबल-खुर्ची नसताना, केवळ चार बोटे जाडीच्या गादीने, एका पायरीने आणि एका उंबऱ्याने सारा समाज जागच्या जागी लावून ठेवलेला होता. मराठीत 'बैठक' या शब्दाला बसण्याची मांडणी आणि एखाद्या गोष्टीचा पाया असे दोन्ही अर्थ आहेत, हे या दृष्टीने फार सूचक वाटते.

माझे आजोबा अशाच एका वाड्यावर सालगडी होते. वाड्याचा दिवाणखाना आतून कसा होता, असे मी त्यांना या लेखासाठी विचारले. त्यांना ते सांगता आले नाही. जोत्याच्या पायऱ्या किती, त्यांतली कोणती दुपारी तापते आणि कोणतीवर सावली येते, हे मात्र त्यांनी न अडखळता सांगितले. वाड्यांच्या सौंदर्यावर लिहिणाऱ्या लेखकांनी हा अभिप्रायही जमेस धरावा.

जमिनीवर बसणे हे केवळ आपलेच वैशिष्ट्य नव्हे. जपानमध्ये पारंपरिक खोलीचे क्षेत्रफळ तेथे अंथरलेल्या 'तातामी' चटयांच्या संख्येवर सांगतात. एक चटई साधारणपणे तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब. रात्रीचे अंथरूण सकाळी भिंतीतल्या कपाटात जाते आणि तीच खोली दिवसा बसायला मोकळी होते. चीनमध्येही एके काळी लोक चटईवरच बसत. दहाव्या ते बाराव्या शतकाच्या सुमारास तेथे खुर्ची सर्वत्र रूढ झाली आणि तिच्याबरोबर टेबल उंच झाले. शेजारशेजारच्या या दोन देशांत एकाने उंची बदलली आणि दुसऱ्याने शतकानुशतके तशीच ठेवली. तेव्हा खुर्ची म्हणजे प्रगती आणि चटई म्हणजे मागासलेपणा, हे समीकरण इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

युरोपची कथा निराळी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील व्हिक्टोरियन दिवाणखाना म्हणजे सामानाची दाटी. जाड पडदे, गुबगुबीत कोच, कोरीव टेबले, टेबलांवर रुमाल आणि रुमालांवर शोभेच्या वस्तू. त्या काळी पुरुष केसांना 'मॅकॅसर' नावाचे तेल लावीत. त्याचे डाग खुर्चीच्या पाठीला पडू नयेत म्हणून तेथे विणलेला रुमाल टाकण्याची पद्धत पडली. आपल्याकडे सोफ्याच्या पाठीवर, रेडिओवर आणि पुढे टीव्हीवर जे क्रोशाचे रुमाल आले, ते याच रुमालाचे दूरचे नातेवाईक म्हणायला हरकत नाही. तेल विसरले गेले, रुमाल उरला! मराठी मध्यमवर्गीय घरातील काचेची शोकेसही याच वंशातली. कप, बाहुल्या, बक्षिसाची ढाल, ताजमहाल आणि कधीही न वापरलेला टी-सेट तिच्यात सुखाने नांदतात. कोणत्याही पुस्तकात या शैलीला नाव नाही, पण मला ती सच्ची वाटते. घराने मिळवलेले सारे एका नजरेत दिसावे, ही त्यामागची इच्छा आहे आणि ज्यांनी नव्याने काही मिळवले आहे त्यांना ती नीट समजते.

या दाटीविरुद्ध प्रथम विल्यम मॉरिससारख्यांनी आवाज उठवला. १८६१ साली त्याने मित्रांसह सजावटीच्या वस्तूंची कंपनी काढली. यंत्राच्या नकली नक्षीपेक्षा कारागिराच्या हाताचे साधे काम बरे, हे त्याचे म्हणणे. तो समाजवादी होता, पण हाताने केलेल्या वस्तू महाग पडत आणि त्या श्रीमंतांच्याच घरी जात. हा पेच त्याला सुटला नाही. जर्मनीत १९१९ साली वाल्टर ग्रोपियसने वायमार येथे 'बाउहाउस' ही शाळा स्थापन केली. तेथील मंडळींनी हळूहळू यंत्रालाच आपलेसे केले. मार्सेल ब्रॉयरने १९२५-२६ च्या सुमारास वाकवलेल्या पोलादी नळीची खुर्ची तयार केली. १९३३ मध्ये नाझी राजवटीच्या दडपणाखाली ही शाळा बंद पडली, पण नळीच्या खुर्च्या जगभर गेल्या. लग्नाच्या मांडवात आणि सभागृहांत आपण घडीच्या लोखंडी खुर्च्यांवर बसतो, तेव्हा आपणही त्याच विचाराच्या सावलीत बसलेले असतो.

मुंबईत नवी शैली आली ती आर्ट डेकोच्या रूपाने. हिचे नाव पॅरिसच्या १९२५ च्या प्रदर्शनावरून पडले. गोलावलेले कोपरे, आडव्या रेषा, रंगीत लाद्या आणि पॉलिश केलेल्या लाकडी पातळ थराचे फर्निचर ही तिची लक्षणे. मरीन ड्राइव्ह, दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांत अशा इमारती उठल्या. १९३७ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या टाउन हॉलमध्ये वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेने 'आदर्श घरा'चे प्रदर्शन भरवले होते. २०१८ साली युनेस्कोने दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो मुख्यतः बाहेरच्या रूपासाठी. मला मात्र आतला बदल अधिक महत्त्वाचा वाटतो. दादरच्या 'ब्लॉक'मध्ये शौचालय घरात आले, झोपायची खोली वेगळी झाली आणि जेवायचे टेबल आले. पंगतीत पुरुष आधी आणि स्त्रिया मागाहून, अशी रीत होती. टेबलाभोवती खुर्च्या मांडल्या की आज ना उद्या प्रश्न निघतोच, की एक खुर्ची रिकामी का? टेबलाने विषमता घालवली असे मी म्हणत नाही, पण ती चारचौघांत दिसू लागली.

त्याच मुंबईत, थोड्याच अंतरावर, बीडीडी चाळी उभ्या होत्या. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि शौचालय सामाईक. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद खाट मांडली तर चोवीस चौरस फूट, म्हणजे खोलीचा शेकडा १५ भाग, एका खाटेनेच जातो. म्हणून वळकट्या भिंतीशी, ट्रंका खाटेखाली, भांडी 'मांडणी'वर, कपडे दांडीवर आणि देव कोनाड्यात किंवा फळीवर. जमीन मोकळी. सकाळी तेथे अभ्यास, दुपारी जेवण, मग शिवण-टिपण आणि रात्री अंथरुणे. देवादिकांच्या तसबिरी आणि कॅलेंडरे उंचावर, किंचित पुढे कलवून टांगलेली, म्हणजे खाली बसलेल्यालाही नीट दिसावीत. १८९४ मध्ये सुरू झालेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यातील चित्रे अशीच सामान्य घरांतून पोचली. आज मिनिमलिझम म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे चाळीने गरजेपोटी कधीच साधले होते. भेद इतकाच, की चाळीतल्या माणसाला दुसरा पर्याय नव्हता. वरळीला या चाळींच्या जागी मनोरे उभे राहून २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तीनपट जागेत ती माणसे आता कशी बसतील, हा एखाद्या प्रबंधाचा विषय आहे.

आतापर्यंत दिवाणखान्याचीच चर्चा झाली. गृहसजावटीच्या पुस्तकांतही असेच होते, स्वयंपाकघर शेवटी येते. वस्तुतः बसण्याच्या उंचीचा सर्वांत मोठा बदल तेथे झाला. जमिनीवरच्या चुलीपुढे पाटावर बसून जी स्त्री स्वयंपाक करते, तिचे सारे जग हाताच्या अंतरावर असते. चूल, वैल, फुंकणी, मिठाचा डबा, विळी. पाटा-वरवंटाही बसूनच वापरायचा. उभा ओटा आला आणि एकएक हत्यार बदलले. विळीच्या जागी सुरी आली, कारण विळीला पायाने दाबून धरावे लागते आणि उभ्याने ते शक्य नाही. पाट्याच्या जागी मिक्सर आला. भांडी खालून वर, फळ्यांवर गेली. आपण एका वस्तूची उंची बदलतो आणि तिच्यामागून सारी भांडीकुंडी उठून उभी राहतात!

ओट्याच्या इतिहासात एका स्त्रीचे नाव घ्यावेच लागेल. मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की ही ऑस्ट्रियाची स्थापत्यकार. जर्मनीत फ्रँकफुर्ट शहराने पहिल्या महायुद्धानंतर कामकरी लोकांसाठी घरे बांधली. त्यांच्यासाठी १९२६ साली तिने स्वयंपाकघर आखले. जागा सुमारे साडेसहा चौरस मीटर. गृहिणी दिवसात किती पावले चालते याचा अभ्यास करून तिने ओटा, मोरी, कपाटे यांची जागा ठरवली. पीठ-तांदळासाठी अल्युमिनियमचे नाव घातलेले खण होते आणि भिंतीवर दुमडणारी इस्त्रीची फळी होती. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे बसवली गेली. मला यातली एक गोष्ट फार आवडली. उभ्याने काम करायच्या त्या स्वयंपाकघरात तिने एक फिरते स्टूलही ठेवले होते. जेवढे बसून करता येईल तेवढे बसून करावे! आपण ओटा घेतला, पण ते स्टूल घ्यायचे राहून गेले. आजही आपल्या बहुतेक घरांत सर्वांत जास्त वेळ ज्या खोलीत जातो, तेथे बसायला काही नसते.

आता अलीकडील शैलींकडे धावती नजर टाकू. सध्या स्कँडिनेव्हियन शैलीचा बोलबाला आहे. २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भे येथे स्वीडनच्या एका प्रसिद्ध कंपनीचे दुकान उघडल्यापासून ती अधिक परिचित झाली. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, मोठ्या खिडक्या. ज्या देशांत हिवाळ्यात सूर्य काही तासच दिसतो, तेथे उजेडाचा कण न् कण भिंतीवरून परतून यावा, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे वैशाखात उजेड बाहेर कसा ठेवावा ही विवंचना असते. कोकणातल्या घराची खोल पडवी आणि गोव्याच्या जुन्या घरांतील शिंपल्याच्या तावदानांच्या खिडक्या हेच काम करतात. झगमगाट गाळून मऊ उजेड आत. हवा-पाणी न विचारता शैली उचलली की मग पांढऱ्या भिंतीवर जाड पडदा लावावा लागतो, आणि तो मोठ्या खर्चाने.

परंतु माझ्या मते आपल्या खेड्यांतील घरांत सर्वांत मोठी क्रांती केली ती प्लॅस्टिकच्या खुर्चीने. हिला कोणी शैलीत धरीत नाही. एका साच्यातून निघणाऱ्या अशा खुर्चीचा एक आरंभीचा प्रसिद्ध नमुना फ्रान्सच्या आंरी मासोने याने १९७२ साली केला. पुढे ती इतकी स्वस्त झाली की मॉरिसला न सुटलेला पेच तिने सोडवला, जरी तिचे रूप पाहून तो मूर्च्छित पडला असता. एकावर एक रचून ठेवता येते, पाऊस लागला तरी बिघडत नाही, कोणीही उचलून कोठेही नेतो. आणि मुख्य म्हणजे सगळ्या सारख्या. गादीला मधली जागा असते, कोचाला मानाचे टोक असते. या खुर्च्यांत पुढची-मागची एवढाच भेद. माझे आजोबा आजही तिच्यावर पुढच्या कडेला, अर्धेच बसतात. पण बसतात ते इतरांच्याच उंचीवर.

हे सारे वाचताना आमच्या घरापुढे जो प्रश्न आहे तो माझ्या मनात होताच. आम्हांला घरकुल मंजूर झाले आहे. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट धरले आहे आणि त्यातच स्वयंपाकाची जागा. आम्ही पाच माणसे. दहा बाय दहाच्या खोलीत तीन आसनी सोफा, दोन एकेरी खुर्च्या आणि टीपॉय मांडले तर माझ्या हिशोबाने तेहतीस चौरस फूट जातात. खोलीचा तिसरा हिस्सा, आणि तोही रात्री कोणाच्या झोपण्याच्या कामाचा नाही. भाऊ सोफ्यासाठी हट्ट धरून आहे. त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पाहुणे सोफा पाहतात आणि त्यावरून माणसाची किंमत करतात, हे खोटे कसे म्हणावे? उलट आजोबांचे गुडघे आता जमिनीवरून उठू देत नाहीत. केवळ आपली जुनी बैठक चांगली, असे म्हणून मला भागणार नाही.

शिवाय वाचायची जागा हवी. परळच्या बीआयटी चाळीतील दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ या काळात राहिले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले, ते प्रामुख्याने ग्रंथांची सोय डोळ्यांपुढे ठेवून. सजावटीच्या पुस्तकांत दिवाणखान्याच्या शैलींचे चाळीस प्रकार सापडतात, पण पुस्तकाभोवती आखलेल्या या घराचा उल्लेख मला त्यांत कोठेही आढळला नाही.

तेव्हा मी टेप घेऊन घरातली माणसे मोजली. आईचे कोपर जमिनीपासून ३५ इंचांवर येते. गवंडी नेहमीच्या सवयीने ओटा ३४ इंचांचा करणार होता. त्या उंचीवर पोळी लाटताना तिला खांदे उचलून धरावे लागतील. ओटा ३० इंचांचा ठरला आणि त्याच्याखाली एक स्टूल सरकवता येईल एवढी मोकळी जागा. खिडकी जमिनीपासून दोन फुटांवर घ्यायची, म्हणजे खाली बसलेल्याला अंगण दिसेल. खिडकीखाली भिंतीच्या लांबीभर कडप्प्याचा कट्टा, उंची १५ इंच. आजोबांना त्यावर पाय खाली सोडून बसता येईल, पाहुण्यांनाही. रात्री निजानीज झाल्यावर मी त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले की तेच माझे टेबल. पंधरा इंचांवर वही ठेवून मी लिहून पाहिले आहे, पाठ दुखत नाही. भावाच्या सोफ्याचा निर्णय अजून व्हायचा आहे.